पंच्याला विचारू

कॅनबेरात भाड्याचं घर बघायला जाताना लोक पगाराची स्लिप नेतात, पासपोर्टची झेरॉक्स नेतात, काही जण तर आपल्या कुत्र्याचा फोटोही नेतात. सुलूमावशी ओला पंचा न्यायच्या.

पंचा म्हणजे आपला साधा, लाल काठाचा, अंग पुसायचा. घरून निघताना तो नळाखाली धरायचा, पिळायचा आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण लावायचं. घरात शिरल्यावर बाकीची मंडळी किचन, बाथरूम, कपाटं बघत फिरायची. मावशी सरळ मागच्या दाराने अंगणात. तिथली कपड्यांची दोरी शोधायची, पंचा झटकायचा, दोन चिमटे लावायचे (चिमटेही घरचेच) आणि आत येऊन म्हणायचं, "बघ आता तुला काय बघायचंय ते. माझं काम तिकडे चाललंय." पाव तासाने एजंट सगळ्यांना बाहेर काढायला लागला की पंचा उतरवायचा, गालाला लावायचा आणि निकाल द्यायचा.

"ओला आहे. नको."

आणि मी मान डोलवायचो, कारण मान डोलवणं मला चांगलं जमतं. मी दत्ता. शिक्षण नववी, तीही पूर्ण नाही. साताऱ्याच्या अलीकडे हायवेवरच्या एका हॉटेलात ताटं घासायला लागलो, मग तव्यावर आलो, मग पुणे, मग दुबई, आणि आता इथे, गुंगालिनच्या एका रेस्टॉरंटमध्ये कुक. हे कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. कोणी काही विचारलं की मी आधी घाबरतो आणि मग आभार मानतो. इथे बसमधून उतरताना सगळेच ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. मी चढतानाही म्हणतो.

आमच्या मालकांच्या ओळखीने मला मावशींच्या घराची मागची खोली मिळाली. मावशी एकट्याच राहायच्या. नवरा इथल्या सरकारी खात्यात इंजिनिअर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पर्थला, दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी घाईत असतो. मावशींचं वय साठीच्या पुढे, उंची बेताची, अंगावर स्वेटर, त्यावर स्वेटर, आणि त्यावर पोपटी रंगाचं चमकणारं जाकीट. कारण मावशींची नोकरी. जवळच्या शाळेपुढे हातात 'स्टॉप' लिहिलेली गोल पाटी धरून पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा, सकाळी अन् दुपारी. दोन्ही बाजूच्या गाड्या मावशींनी थांबवल्या की थांबतात. त्याची सवय अशी लागलेली की पाटी नसतानाही त्या तळहात पुढे करायच्या. बोलता बोलता मी मध्ये काही बोलायला गेलो की तळहात. ट्रामचं दार बंद व्हायला लागलं की तळहात. आश्चर्य म्हणजे ट्रामही थांबायची.

गाडी त्या चालवत नसत. "ह्यांनी शिकू दिली नाही, आणि हे गेल्यावर मला शिकवणार कोण? आता सरकारने दारात ट्राम आणलीय ना माझ्यासाठी."

रेखाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आणि आमच्या ओवीचा व्हिसा आला तेव्हा थंडी सुरू झाली होती; इथे ती जूनमध्ये येते. तिकिटं काढली, ती जुलै अखेरची. शाळेची टर्म सुरू होण्याच्या बेताला. आता घर हवं होतं. मावशींच्या मागच्या खोलीत एक पलंग आणि मी, एवढंच मावतं. पण खरी गोष्ट वेगळी होती. लग्न झाल्यापासून रेखाने स्वतःचा म्हणावा असा ओटा पाहिलेला नाही. आधी माझ्या भावाकडे, मी दुबईला गेल्यावर तिच्या भावाकडे. मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं हेसुद्धा कधी तिने ठरवलेलं नाही. व्हिसा आल्यावर तिने एकच विचारलं, "अहो, आपलं वेगळं असेल ना?" मी म्हटलं, असेल. म्हणून टाकलं.

सल्ले तर सगळेच देत होते. दर शुक्रवारी रेस्टॉरंटमध्ये जेवायला येणारा पुण्याचा एक आयटीवाला, निखिल, त्याने मला लॅपटॉपवर तक्ताच दाखवला. कुठली वस्ती, कुठली शाळा, सगळं हिरव्या-लाल रंगांत. मला त्यातला हिरवा रंग आवडला, बाकी कळलं नाही. किचनमधला हरप्रीत म्हणाला, "भाई, ट्राम के पास ले ले, बाकी सब मोह-माया है." मी दोघांचेही आभार मानले.

मावशींनी तळहात पुढे केला. "कोणाला विचारायचं नाही. पंच्याला विचारू."

ह्या पंच्याच्या मागे इतिहास होता. तीस वर्षांपूर्वी मावशी इथे आल्या तेव्हा घर निवडलं होतं काकांनी, तेही डिसेंबरात, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, संध्याकाळी, गॅरेज बघून. "गॅरेज बघून घर घेतं का रे कोणी? गॅरेजात काय, कुकर लावायचाय?" मग हिवाळा आला आणि कळलं की घरात ऊनच येत नाही. इथे ऊन उत्तरेकडून येतं, आणि त्या घराची उत्तरेकडची भिंत बंद. कपडे चार-चार दिवस ओले. "पोराचे शाळेचे मोजे मी टोस्टरवर वाळवलेत, दत्ता. एकदा एक मोजा जळला. बाई विचारतात, व्हेअर इज युवर अदर सॉक? हा म्हणतो, माय मदर टोस्टेड इट."

हीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. "हीटर म्हणजे भाड्याचं ऊन. बिल नाही भरलं की मावळलं."

त्यामुळे दर शनिवारी सकाळी आम्ही निघायचो. गाड्यांच्या काचांवरचा बर्फ लोक खरवडत असायचे आणि आम्ही दोघं ट्रामच्या नाहीतर बसच्या स्टॉपवर. माझ्या हातात कागदांची पिशवी, मावशींच्या मांडीवर डबा. हॅरिसन नावाच्या वस्तीतलं एक घर बघितलं. नवीन, चकचकीत. ओला आहे, नको. अमारूचं तर माझ्या मनात इतकं भरलं की मी ओट्यावरून दोनदा हात फिरवला. ओला आहे, नको. एका ठिकाणी फ्लॅटला दोरीच नव्हती, आणि बाल्कनीत कपडे घालायला बंदी. एजंटने तसं सांगितल्यावर मावशींनी त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "विचार ह्याला, हा आंघोळ करून अंग कशाला पुसतो?" मी विचारलं नाही. मी थँक्यू म्हटलं.

बॉनरला मात्र एक तरुण एजंट मागे अंगणात आला. दोरीवर एकटाच लोंबकळणारा पंचा त्याने पाहिला आणि हळू आवाजात मला विचारलं, "इज इट अ रिलिजस थिंग, मेट?" मी घाबरून यस म्हणालो. त्या बिचाऱ्याने बूट काढले आणि ओल्या गवतात मोज्यांवर, हात पुढे बांधून, मावशी पंचा उतरवेपर्यंत उभा राहिला. मावशींनी पंचा गालाला लावला. "ओला आहे. पण पोरगा गुणी आहे."

काकांनी निवडलेलं ते घर कधीच सुटलं होतं; मावशींच्या आताच्या घराचं अंगण म्हणजे नुसतं ऊन. मधोमध छत्रीसारखी गोल फिरणारी मोठी दोरी, चार जणांच्या कुटुंबाला पुरेल अशी. माझे कपडे मी धुतो म्हटलं की तळहात. माझे किचनचे एप्रन, चौकड्यांच्या पँटी, बनियन, सगळं मावशी धुवायच्या आणि लांब लांब अंतर ठेवून वाळत घालायच्या. मोजे तर जोडीने कधीच नाही. प्रत्येक मोज्याला वेगळा चिमटा, मध्ये वीतभर जागा.

"मावशी, एका चिमट्यात दोन्ही बसतील की."

"बसतील. पण दोरी कशी भरलेली दिसली पाहिजे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, ही पण एक पद्धत असेल इथली.

तिकिटाची तारीख जवळ येत चालली तसा माझा जीव खाली-वर होऊ लागला. दुपारी शिफ्टच्या मधल्या सुट्टीत मी रेखाला फोन लावला आणि तोंड पाडून सांगितलं की ह्या शनिवारचंही घर गेलं, पंचा वाळला नाही.

"किती वेळ ठेवतात दोरीवर?" रेखाने विचारलं.

"पाव तास. तेवढाच वेळ देतात घर बघायला."

मग म्हणाली, "अहो, आपल्याकडे मे महिन्यात, भर उन्हात, पत्र्यावर टाकला तरी पिळलेला पंचा पाव तासात वाळतो का?"

मी कोथिंबीर निवडत होतो. हात थांबला. इतक्या शनिवारांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशी म्हणाल्या पंच्याला विचारू, आणि मी विचारत सुटलो होतो. वाटलं, मी तर नववी. पण मावशी? त्यांचा जन्म गेला कपडे वाळवण्यात.

"म्हणजे त्यांना माहीत आहे?" मी म्हटलं. "मग मुद्दाम कशाला नको म्हणतील? त्याच तर म्हणतात, बायको-पोर येतंय, तुला घर पाहिजे."

"तुमचे मोजे कसे वाळत घालतात सांगितलं होतंत ना मला," रेखा म्हणाली. "एकेक. दोरी भरलेली दिसावी म्हणून." आणि मग, "त्यांना काही विचारू नका हां. बोलायचं नाही काही."

आता आली का पंचाईत. मला घर तर हवं होतं; येऊन रेखा काय परत दुसऱ्याच्या ओट्याशी उभी राहणार? आणि ज्या बाईने परक्या माणसाचे बनियन धुतले तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की तुमचा पंचा खोटं बोलतो? मी दोन दिवस भाजीत मीठ विसरलो. हरप्रीत म्हणाला, "भाई, तबियत?"

पुढच्या शनिवारी आम्ही ट्रामने फ्रँकलिनला गेलो. फक्त दोन-तीन स्टॉप. शेजारच्या घराला चिकटून असलेलं, तीन छोट्या खोल्यांचं घर. दारातली एजंटबाई मावशींना बघून थबकली. "ओह, यू आर अवर क्रॉसिंग लेडी!" तिची मुलगी रोज मावशींच्या तळहाताच्या जोरावर रस्ता ओलांडत होती. बाईंनी आम्हाला हवा तेवढा वेळ फिरायला सांगितलं. मावशींनी पंचा दोरीवर घातला.

मी रेखाला व्हिडिओ कॉल लावला. गावाकडे नुकतं उजाडलेलं. मी तिला ओटा दाखवला, मग खिडकी, मग परत ओटा. ती नुसती बघत होती. तेवढ्यात ओवी विस्कटलेल्या केसांनी मध्ये घुसली.

"बाबा, खोल्या दाखव."

दाखवल्या.

"ही तुमची. ही माझी," ओवी बोट दाखवत म्हणाली. फोनवर ती मावशींशी रोज बोलायची, त्यामुळे पुढचं तिने इतक्या सहज म्हटलं की जसं काही ठरलेलंच होतं. "आणि ही मावशीआजीची."

मावशी माझ्या पाठीमागेच उभ्या होत्या. "मला माझं घर आहे गं बाई," त्या म्हणाल्या.

"मग तिथे कोण कोण असतं?"

मावशींचा तळहात अर्धा वर आला आणि तसाच राहिला. मग त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं. त्यांनी पंचा उतरवला, गालाला लावला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि आत आल्या.

"वाळला," मावशी म्हणाल्या. "हेच घे. ऊन चांगलं आहे."

एजंटबाईंना त्यांनीच सांगितलं, "गुड बॉय. व्हेरी क्लीन. ऑलवेज थँक्यू." बाई म्हणाल्या, नो वरीज, आजच अर्ज टाका. मी बाईंचे आभार मानले, मावशींचे मानले, आणि दाराला हात लावून दाराचेही मानले असतील, आठवत नाही.

परतीच्या ट्राममध्ये मावशी खिडकीबाहेर बघत बसल्या. घडी माझ्या हातात दिली होती. डब्यात नको, म्हणाल्या, वाळलाय ना. मी ती मांडीवर ठेवली. पहिला स्टॉप येईपर्यंत माझी पँट भिजली. दुसऱ्या स्टॉपला गारठा हाडापर्यंत गेला. समोर बसलेला म्हातारा माझ्या मांडीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघून हसलो आणि घडी तशीच धरून बसलो.

घर मिळालं. रेखा आणि ओवी आल्या. रेखाने मीठ चुलीच्या डाव्या बाजूला ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला ठेवलं, आणि मला सांगायला आली की दोन्हीकडे चालतं.

पहिल्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. मावशी. पोपटी जाकीट, आणि हातात झाकणाची बादली. ट्रामने आल्या होत्या, पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन.

"माझ्याकडे आज ढग आहेत," त्या म्हणाल्या. दोन-तीन स्टॉपांवर कसले वेगळे ढग? मी आकाशाकडे बघितलं. रेखाने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघायचं थांबवलं.

"या ना मावशी," रेखा म्हणाली. "आत्ताच कपडे वाळत घालतेय मी."

आमची दोरी लहान. तिच्यावर माझे एप्रन, रेखाचे दोन गाऊन, ओवीचा शाळेचा गणवेश, ओवीचे असंख्य फ्रॉक. रेखाने सगळं सरकवून सरकवून कोपऱ्यात थोडी जागा केली. मावशींनी तिथे आपला स्वेटर घातला, पंचा घातला. मग मोजे काढले. दोरीवर इकडून तिकडे नजर फिरवली. कुठेही वीतभर जागा उरली नव्हती.

"काय भरलीय बाई दोरी," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही मोजे एका चिमट्यात लावले.