नारळ, आभार आणि लाल बटण

पुढे: आभार। मागे: काही नाही। वर: सयाजीशेठ

“पयल्याच पानावर ‘मशीन थांबवणे’? ताई, नारळ फुटायच्या आधीच थांबायची भाषा?”

“शेठ, चालू कुणालाबी करता येतं,” साधना म्हणाली. “थांबवता आलं पायजे.”

सयाजीशेठचा मंचरला कांदा निवडायच्या मशीनचा कारखाना. मशीनची माहितीपुस्तिका कळंबची साधना लिहायची, साध्या टेक्स्ट एडिटरात. मशीनवर बसवलेल्या टॅबवर ती दिसायची. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक ओळ असे: पुढे काय, मागे काय, आणि वर काय, म्हणजे हे ज्याच्या पोटात ते मोठं प्रकरण कुठलं. एक कमांड दिली की सगळ्या ओळी आपोआप जुळत आणि अनुक्रमणिकाही तयार होई. कमांडला माणसांची भीड नव्हती. फाईलमध्ये जे जिथं उभं, ते ती तिथं मांडायची.

“थांबवणं शेवटी टाका. न्हाई तर लिहायला दुसरं माणूस बघतो.”

“बघा. पण शेवटी म्हंजे कुणाकुणाच्या मागं, ते आधी ठरवा.”

पुढे: आणखी आभार। मागे: नारळ। वर: कोणीच नाही

आभारात शेठनी आधी सात नावं दिली होती. बातमी फुटली आणि प्रकरण लग्नपत्रिकेवर गेलं. एक नाव राहिलं की एक घर रुसतं. महाळुंगे पडवळच्या जानकूतात्यांनी निरोप धाडला, “आमी सुनीलच्या खाली येणार न्हाई.” सुनीलरावांचा उलटा निरोप त्याच दुपारी आला. मग शेठनी तोड काढली: प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण. एक्केचाळीस प्रकरणं, एक्केचाळीस फोटो. पहिला मान शेठच्या वडिलांचा, कुशाबांचा.

“एका कमांडीत सगळ्यांना एक पायरी खाली घेते,” साधना म्हणाली. “‘आभार’ एकच प्रकरण, नावं त्याच्या पोटात.”

“खाली? जानकूतात्याला? मला गावात ऱ्हायचंय, ताई.”

“मग तुमच्या क्रमानं कमांड देते: आधी सुरू करणं, मग एक्केचाळीस मंडळी, मग थांबवणं. पण नंतर एकबी ओळ हातानं बदलणार न्हाई. आन् उद्घाटनाला मी मेन स्विचपाशीच उभी ऱ्हाणार.”

पुढे: जानकूतात्या। मागे: कुशाबा। वर: कांदे

नारळ फुटला. मशीनला हळदकुंकू लागलं, झेंडूचा दंडाएवढा हार चढला. गिऱ्हाईक दादाभाऊंनी टॅबवर वाचून मशीन सुरू केलं. कांदे धो धो आले. खाली पोतं लावायचं राहिलं होतं.

“आता थांबवू कसं?” दादाभाऊंनी विचारलं. थांबवायचं लाल बटण हाराखाली गेलेलं. त्यांनी टॅबवर ‘पुढे’ दाबलं. फेट्यातले कुशाबा आले. पुन्हा दाबलं. जानकूतात्या.

“जरा दम धर, राव,” गर्दीतून तात्या म्हणाले. “मंडळींना फोटू नीट बघू दे.”

नवव्या आभाराला कांदे फाटकापाशी पोचले. चौदाव्याला पुणे-नाशिक रस्त्यावर पहिला ट्रक थांबला. एकविसाव्याला कुशाबा लेकाजवळ आले.

“सया, माझ्या फोटूनं तर मशीन थांबलं न्हाई. दुसरं काय हाय का?”

शेठ वळले. साधना मेन स्विचवर हात ठेवून उभी होती.

“ताई, पाडा की.”

“पाडते. पयलं प्रकरण कुठलं?”

“थांबवणे.”

“आन् आभाराची मंडळी?”

शेठनी जानकूतात्यांकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. “समदे एक पायरी खाली.”

खटका पडला.

पुढे: काही नाही। मागे: एक्केचाळीस जण। वर: मशीन थांबवणे

दुसऱ्या दिवशी जानकूतात्या कारखान्यात आले. शेठ मागच्या दारानं निघून गेले होते.

“बाई, अनुक्रमणिकेत मी दिसत न्हाई.”

“आभाराच्या पोटात हाये, तात्या. समद्यांसंगट.”

“तिथं कोण बघतंय? तालुकाभर एकाच पानाचं नाव झालंय, ‘मशीन थांबवणे’. माझा फोटू तिथं लावा.”

तात्यांच्या मागं सुनीलराव उभे होते, फोटो घेऊन. त्यांच्या मागं आणखी चौघं. आणि सगळ्यांच्या शेवटी, कुशाबांचा फोटो छातीशी धरून, मागच्या दारानं गेलेले शेठ पुढच्या दारानं रांगेत आले होते.

साधनानं फाईल उघडली. पहिल्या प्रकरणात कर्सर नेला. रांग माना उंचावून पडद्याकडे बघत राहिली. तिनं तिथं एकच ओळ घातली आणि फाईल जतन केली:

‘आधी हार काढा.’