केळीच्या खोडाचं दार

सरांनी कडी काढली, दार ओढलं, मग कडी खरंच काढली आहे ना ते वाकून पाहिलं. दार ढिम्म. सर न्हाणीघरात, कमरेला टॉवेल. पावणेदहा वाजले होते आणि दहाला कारखान्याचे मॅनेजर येणार होते, तेही नेमकं हेच दार बघायला.

दार सरांनी स्वतः बनवलं होतं. केळीचा घड उतरवल्यावर कुजत पडणाऱ्या खोडाचे धागे काढायचे, ते रेझिन नावाच्या चिकट रसायनात घालायचे आणि लाकडाहून हलके, मजबूत तक्ते करायचे, या एका ध्यासापायी त्यांची अकरा वर्षं गेली होती. कॉलेजातली पोरं पाठीमागे त्यांना केळेसर म्हणत. मॅनेजरांनी होकार दिला तर तक्ते कारखान्यात बनणार होते. नाही दिला, तर प्राचार्य प्रयोगशाळेची खोली काढून घेणार होते.

"अहो, आटपलं का?" बाहेरून बायकोनं विचारलं.

"आटपलं. दार उघडत नाहीये."

"ढकला मग."

"आत उघडतं ते."

"मग ओढा!"

"इतका वेळ काय आरती करतोय का मी त्याची?"

कारण सरांना पक्कं ठाऊक होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. ओल्या धाग्याची आणि रेझिनची गट्टी जमत नाही. मध्ये बारीक फटी राहतात, फटींतून वाफ शिरते आणि तक्ता फुगतो. म्हणून धागे आधी चार तास भट्टीत वाळवायचे. वीस वर्षं हे घसा फोडून शिकवणारा माणूस स्वतःच्या दाराच्या वेळी धागे चिमटीत धरून म्हणाला होता, "लागताहेत की कोरडे!" आठ दिवसांच्या गरम पाण्याच्या अंघोळींनी दार चौकटीत गच्च बसलं होतं. विद्यार्थ्यानं हे केलं असतं तर सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. इथे बाहेर निघायचीच पंचाईत होती.

बायकोनं कोपऱ्यावरच्या सुतारमामांना बोलावलं. मामा लगबगीनं आले. महिन्यापूर्वी ते लाकडी दाराचं माप घ्यायला आले होते, तेव्हा सरांनी त्यांना "लाकडाचे दिवस संपले, मामा" असं अर्धा तास ऐकवलं होतं.

"सर, फोडू का?" मामांच्या आवाजात उत्साह मावत नव्हता.

"फोडा," सर आतून म्हणाले. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

मामांनी हातोडा घातला. एक, दोन, सात. दाराला ओरखडासुद्धा आला नाही. टॉवेलमधल्या सरांना एकदम भरून आलं. आणि तेवढ्यात मॅनेजर घराच्या दारात उभे.

"हे काय चाललंय?"

"मजबुती तपासतोय," बायको बेधडक म्हणाली.

"सात घाव घातले साहेब," मामांनी नाइलाजानं खरं ते सांगितलं. "काही होत नाही याला."

"आणि सर कुठे आहेत?"

"ते आतल्या बाजूनं तपासताहेत," बायको म्हणाली.

मॅनेजरांनी हातोडा मागून घेतला आणि स्वतः दोन घाव घातले. स्वारी बेहद्द खूश झाली. "सर, ऐकताय ना? कामगारांच्या वसतिगृहाला दोनशे दारं हवी आहेत. न्हाणीघरांची. करू या पक्कं!"

अकरा वर्षं सर या वाक्याची वाट बघत होते. आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे दोनशे न्हाणीघरं आली आणि प्रत्येकात टॉवेल गुंडाळलेला एकेक माणूस दिसला.

"साहेब," सर घसा खाकरून म्हणाले, "मी तपासत वगैरे नाहीये. अडकलोय. दार फुगलंय. धागे वाळवायचा कंटाळा केला मी."

बाहेर मॅनेजरांनी हातोडा मामांच्या हातात परत दिला. मग मामा हळूच म्हणाले, "मला वाटलंच."

शेवटी बायकोनं मागच्या झरोक्यातून केस वाळवायचं यंत्र आत सोडलं. सर तासभर दाराच्या कडा वाळवत उभे राहिले आणि मामा बाहेरून पटाशीनं रेटत राहिले. दार उघडलं तेव्हा सर घामानं पुन्हा ओलेचिंब झाले होते. मॅनेजर चहा संपवून थांबलेच होते.

"दारं राहू द्या," ते म्हणाले. "आधी पन्नास टेबलांचे तक्ते करा. टेबलात कोणी अडकत नाही. फक्त धागे वाळले की नाही, ते दुसऱ्या कोणीतरी बघून सही करायची. नुसत्या स्पर्शानं ओल ओळखणारं माणूस पाहिजे." आणि त्यांनी मामांकडे बोट दाखवलं.

सोमवारी सर धाग्यांची पहिली जुडी घेऊन मामांच्या दुकानात गेले. मामांनी रंधा बाजूला ठेवला, हात पुसले, चष्मा लावला. एक धागा गालावर फिरवला आणि बराच वेळ डोळे मिटून बसले.

"चार तास भट्टीत होते," सर म्हणाले.

मामांनी डोळे उघडून चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

"साडेतीन," सर म्हणाले.

"उद्या या," मामा म्हणाले.