जावयाचं पथ्य

माणिकबाईंनी ज्वारीचा डबा फारुखभाईच्या चक्कीच्या ओट्यावर आदळला आणि आजवर कोणत्याही बाईने मागितलं नव्हतं ते मागितलं.

"चक्की खोल."

"क्या?"

"खोल म्हनलं. आतले दगड ब्रशनं साफ कर. गव्हाची भुकनीबी राहाले नाई पाह्यजे. मंग माही ज्वारी टाक. पह्यलं घमेलंभर निघंल ते गाईले, बाकीचं माह्या डब्यात."

अमरावतीच्या त्या गल्लीत फारुखभाईची चक्की बापाच्या वेळेपासूनची. कोणाला बारीक पाहिजे, कोणाला जाड, कोणाची ज्वारी डाळीवर टाकायची नाही, हे सगळं तो ऐकत आला होता. पण चक्कीला आंघोळ घालायला कोणी सांगितलं नव्हतं.

"भाभी, धोंड्याचा महिना हाये. लाइन पाहा किती लागली. इथं चक्की खोलत बसलो तं या बाया मले दळून टाकतीन."

"जवायासाठी पाह्यजे."

फारुखभाईने खट्कन मोटार बंद केली. "तं पह्यले सांगाचं ना!"

रांगेतल्या बायांनीही आपापले डबे मागे घेतले. जावई हा शब्दच असा आहे, की आपल्या वऱ्हाडात त्याच्यापुढे चालती चक्की थांबते.

त्यात हा अधिक महिना. तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला बोलवायचं, कणकेत पुरण भरून वाफवलेले धोंडे तुपात बुडवून त्याला खाऊ घालायचे. माणिकबाईंची एकुलती एक लेक गीतांजली गेल्या वर्षी अकोल्याला दिलेली. म्हणजे पहिला जावई आणि पहिला धोंड्याचा महिना. यात काही उणं राहिलं, तर माणिकबाईंची नणंद पार्बताबाई ते पुढच्या अधिक महिन्यापर्यंत सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरली असती. आणि नेमका आठ दिवसांपूर्वी गीतांजलीचा फोन आला होता.

"आई, चार महिने झाले, डॉक्टरनं गहू बंद केला. जन्मभरासाठी. गव्हात ग्लुटेन म्हनून एक चिकट चीज राह्यते, ते आतड्याले सोसत नाई. पोळी नाई, रवा नाई, मैदा नाई, सरगुंडे नाई. चिमूटभरबी नाई."

"माय वं! कोनाले झालं हे?"

गीतांजली जरा थांबली. मग म्हणाली, "यायले."

माणिकबाईंनी फोन ठेवला. जावयाला गहू नाही, मग धोंडे कशाचे करायचे? आणि चुकून काही पोटात गेलं, जावई माझ्या घरी आजारी पडला, तर लेकीला अकोल्यात तोंड दाखवायला जागा राहील का? त्यांनी त्याच दिवशी कंबर कसली. पोळपाट, लाटणं, परात, तवा सगळं माळ्यावर गेलं. डबे राखेनं घासून उन्हात मांडले. लेकीने फोनवर सांगितलं, की बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं. तशी हिंगाची डबी मोलकरणीला देऊन टाकली. शेव गेली, पापड गेले. नत्थुजींचं, म्हणजे यजमानांचं, चहासोबतचं टोस्ट गेलं.

नत्थुजी एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला शांत माणूस. पण टोस्ट गेल्यावर तेही बोलले. "मले काय झालं? मी काहून सुका चहा पिऊ?"

"टोस्टाचा चुरा पडते. जवाई तिथंच बसतीन."

"मी अंगनात उभा राहून खातो."

"अन् हात?"

नत्थुजींनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि चहा सुकाच पिऊन टाकला.

धोंड्याच्या आदल्या दिवशी पार्बताबाई आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"मोठं घर पाहून पोरगी देली ना तुमी? हे सांगतलं होतं का त्यायनं लग्नाच्या वक्ती?"

"आक्का, आता निघालं ते."

"आता निघत नसते वं माणिक, राह्यतेच आंगात. लपवलं त्यायनं. माह्या भाचीले फसवलं. मी इचारतो त्याच्या मायले."

"जवाई जेवून जाऊ द्या, आक्का. मंग इचारा."

"अन् गव्हाचे धोंडे झालेच पाह्यजे. देवाले काय भाकर दाखवतं?"

मग देवासाठी आणि घरच्यांसाठी गव्हाचे धोंडे परसातल्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत करायचे ठरले. जावयाचे तांदळाच्या पिठाचे, घरात. तांदळाची उकड माणिकबाईंच्या हाताला नवी. पुरण भरलं की फुटायची, फुटली नाही की आवळायची. निवल्यावर एक धोंडा नत्थुजींना चाखायला दिला. त्यांनी तो तोंडात इकडून तिकडे फिरवला.

"कसा झाला?"

"जवायाचे दात पक्के हायेत ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात जावई आले, सोबत गीतांजली. स्वप्निलराव अकोल्याला वीज कंपनीत नोकरीला. अंगापिंडाने दणकट, गाल वर आलेले. गल्लीतल्या बायांना बातमी कळलीच होती. एकेक जण काही ना काही निमित्त काढून डोकावून गेली. एक दही मागायला आली, एक दही द्यायला आली.

"दिसते तं धडधाकट," एक म्हणाली.

"आतून पोखरलं असंन," दुसरी म्हणाली. "तरनंताठं पोरगं. गव्हाबिगर काय जगनं हाये का बाप्पा!"

स्वप्निलरावांनी हे ऐकलं आणि बायकोकडे पाहिलं. बायको कुलरकडे पाहत होती.

माणिकबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "तुही मात्र तब्येत सुधरली वं! आंग भरलं. इथं होती तं नुसती काडी. पोळी पाह्यली की पोट धरून बसे. अकोल्याचं पानी मानवलं म्हना."

"हो," गीतांजली म्हणाली. "पानीच असंन."

पाटाभोवती रांगोळी घातली. जावयाला बसवलं, ओवाळलं. चांदीच्या वाटीत तूप. ताटात ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, बिनहिंगाची कढी आणि तांदळाचे ते धोंडे. इतक्यात गीतांजली उठून नवऱ्याच्या शेजारी येऊन बसली.

"मी यायच्याच ताटात जेवतो."

माणिकबाईंच्या हातातला चमचा थांबला. लग्नात नवऱ्याला घास भरव म्हटलं तेव्हा हीच पोरगी 'त्यायले हात नाईत का' म्हणाली होती.

"तुह्यासाठी गव्हाचे केले ना वं. गरम हायेत."

"नाई. जे यायले नाई, ते मले नाई."

पार्बताबाईंनी डोळ्याला पदर लावला. "अशी लेक पोटी याले पुन्य लागते, माणिक. फसवली तरी निभावून राहिली बिचारी."

गीतांजली मान खाली घालून मन लावून जेवली. अर्धंअधिक ताट तिनंच संपवलं. स्वप्निलरावांनी तांदळाचा एक धोंडा फोडायचा प्रयत्न केला. तो निसटला आणि कढीत पडला. समोर नत्थुजी गव्हाचा धोंडा तुपात बुडवून खात होते. मऊ, पिवळंधमक पुरण बाहेर येत होतं. जावई त्या घासाबरोबर ताटातून तोंडापर्यंत नजरेनं जाऊन येत होता.

"अजून एक भाकर देऊ, जवाईबुवा?"

"नको, मामी. पोट भरलं," असं ते इतक्या दुःखानं म्हणाले, की माणिकबाईंना भडभडून आलं. केवढा हा सोशिक माणूस!

जेवणं झाली. नत्थुजींनी अंग टाकलं. माणिकबाई परसात भांडी उचलायला गेल्या, तर शेगडीजवळ पाठमोरं कोणीतरी उकिडवं बसलेलं. त्यांना वाटलं मांजर शिरलं. मग दिसलं, की मांजराने नवा कुर्ता घातलाय.

"जवाईबुवा!"

स्वप्निलराव वळले. दोन्ही गाल फुगलेले, हनुवटीवरून तूप ओघळत होतं आणि हातात अर्धा धोंडा. गव्हाचा.

माणिकबाईंनी अशी आरोळी ठोकली, की चक्कीवर फारुखभाईलाही ऐकू गेली असेल. "धावा वं! जवायानं गहू खाल्ला!"

पुढचं सगळं एकदमच झालं. नत्थुजी बनियनवरच उठले आणि चप्पल न घालता तापल्या रस्त्यावर ऑटो आणायला पळाले. माणिकबाईंनी जावयाच्या पाठीत दणादण बुक्के मारायला सुरुवात केली. "थुका! थुका म्हनलं!" जावयाला काही सांगायचं होतं, पण तोंडात धोंडा; आणि गिळावा तर पाठीत बुक्का. गीतांजली मधे पडून "आई, सोड, त्यायले काही नाई होत," म्हणत होती, ते कोणाच्या कानात शिरत नव्हतं. आणि पार्बताबाईंनी पिशवीतून मोबाइल काढून थेट अकोला लावलं होतं. त्यांना कमी ऐकू येई म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर.

"विहीनबाई! मी गीताची आत्या. तुमच्या पोरानं इथं गव्हाचा धोंडा खाल्ला!"

"बरं," पलीकडून आवाज आला. "एकच?"

"एकच काय म्हनता? त्याले गहू चालत नाई ना! तुमी हे लग्नाच्या वक्ती आमच्यापासून लपवलं..."

"स्वप्न्याले? अवं बाई, पोळ्या रचून ठेवल्या तरी फस्त करते थो! त्याले काही नाई. ते तं तुमच्या गीताले हाये. आमी डॉक्टरकडं नेलं, तपासलं. आमाले लग्नात कोनं सांगतलं नव्हतं, पन आमी काही बोललो का? पोरगी सोन्यासारखी हाये."

परसात एवढी शांतता झाली, की स्वप्निलरावांनी घास गिळल्याचा आवाज आला.

पार्बताबाईंनी फोन हातात धरला होता. पण त्या पोचलेल्या बाई. आवाज एकदम गोड करून म्हणाल्या, "तेच तं सांगाले लावला फोन, विहीनबाई, का जवाई पोटभर जेवले! ठेवतो मी."

माणिकबाई लेकीकडे वळल्या. "काहून खोटं बोलली वं? मले घोर लावला. चक्की धुवाले लावली!"

"म्हनूनच बोलली," गीतांजली म्हणाली. ती भांडत नव्हती, हळूच बोलत होती. "मले झालं म्हनली असती, तं चक्की धुतली असती का तू? तू म्हनली असती, 'नखरे नोको करू, थोडंसंक खाल्लं तं काय होते!' लहानपनापासून हेच आयकत आली मी. पोट दुखे तरी खाल्ली पोळी. मले चार दिवस माहेरी सुखानं जेवाचं होतं, आई. जवायाचं नाव घेतल्याबिगर ते झालं नसतं."

माणिकबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जे उत्तर जिभेवर आलं होतं, ते लेकीने आत्ताच म्हणून दाखवलं होतं.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबली. घामाघूम नत्थुजी आणि ऑटोवाला आत धावत आले.

"पेशंट कोनता?" ऑटोवाल्याने विचारलं.

नत्थुजींनी जावयाकडे पाहिलं, तो बोटं चाटत होता. बहिणीकडे पाहिलं, ती फोन लपवत होती. बायकोकडे पाहिलं, ती पदराने डोळे पुसत होती. "बावा," ते म्हणाले, "मी गेलो तवा तं पक्कं माहीत होतं."

माणिकबाईंनी पदर खोचला. गव्हाच्या धोंड्यांचं सगळं भांडं उचलून जावयापुढे ठेवलं, वर तुपाची वाटी ओतली. ऑटोवाल्यालाही पानावर वाढलं. मग लेकीचा हात धरून तिला घरात, पाटावर नेऊन बसवलं. ओवाळायचं तबक अजून तिथंच होतं. निरांजन विझलं होतं. त्यांनी ते पुन्हा लावलं.

"मले काहून ओवाळतं? मी काय जवाई हावो?"

"गप बस. हाल्ली तं तेल सांडंल," माणिकबाई म्हणाल्या.

श्रावण सरत आला. पोळ्याच्या करीला गीतांजली माहेरी येणार होती. स्वप्निलरावांना सुट्टी नव्हती. माणिकबाई ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर गेल्या. सणाची गर्दी होती.

"चक्की खोल, फारुखभाई."

फारुखभाईचा हात मोटारीच्या खटक्याकडे गेला. "जवाई येऊन राहिले, भाभी?"

"नाई. पोरगी येऊन राहिली. एकटीच."

खटक्यावरचा हात मागे आला. "पोरगीच हाये ना? मंग लाइन पाहा न भाभी. गव्हावरच टाकून देतो. थोडंसंक गेलं तं काय होते!"

हे वाक्य माणिकबाईंच्या ओळखीचं होतं. त्यांचंच होतं. फक्त आज ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं.

रांगेतल्या बाया पाहत राहिल्या. माणिकबाई ओट्यावर चढल्या, स्वतःच खटका खाली ओढला आणि चक्की थांबल्यावर फारुखभाईपुढे हात केला.

"ब्रश दे इकडं."