फर्लांगभर कादंबरी

तमाम मराठी वाचकांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, मराठी भाषेतील पहिली एक फर्लांग लांबीची कादंबरी नागपूर शहरी, धरमपेठेत, आमच्या गल्लीतल्या तिसऱ्या घरात लिहिली गेली. लांबीबद्दल कोणी शंका घेऊ नये. मोजताना टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

लेखकाचं नाव गावंडे ओव्हरसियर. तीस वर्षं त्यांनी विदर्भभर रस्ते बांधले. चांद्याच्या जंगलात, मेळघाटात, जिथे डांबर तिथे गावंडे आणि त्यांचा तंबू. बायको गिरजाबाई मात्र आधी घरापायी आणि पुढे मुलांच्या शाळेपायी नागपुरात. रिटायर होऊन ते कायमचे घरी आले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं, आणि सरकारने फर्लांग मोडीत काढून बरीच वर्षं झाली होती. गावंड्यांनी मात्र तो मोडीत काढला नव्हता.

रिटायर झाल्यावरचे पहिले सहा महिने गल्लीला फार जड गेले. गावंडे रोज सकाळी निघायचे आणि लोकांच्या मोऱ्यांचा उतार तपासायचे. आमच्या मोरीत त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, पाणी विचार करून राहिलं गा. पाण्याले विचार कराले लावाचं नाही." मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. उतार चुकला म्हणून माझ्यावर पहिल्यांदाच कोणी रागावत होतं.

गल्लीतल्या मोऱ्या संपल्या तसा माणूस कोमेजला. ओट्यावर बसून समोरच्या रस्त्याकडे बघायचा. घरात नवराबायकोचं बोलणं तीन वाक्यांचं. चहा झाला का, झाला, बरं.

आणि एका सोमवारी त्यांच्या पुढच्या खोलीच्या दारावर पाटी लागली. लाल अक्षरं, पांढरी जमीन: "सावधान! काम चालू आहे. रस्ता बंद." पाटी सरकारी नव्हती हं, पदरचा रंग लावून रंगवलेली होती. सरकारी खिळासुद्धा घरी न आणणारा माणूस तो.

मी अर्थातच पाटी ओलांडून आत गेलो.

"कादंबरी लिवून राहिलो," गावंडे मान वर न करता म्हणाले. "एक फर्लांग."

"एक काय?"

"फर्लांग. सहाशे साठ फूट. आपली गल्ली तेवढीच हाये, कडुनिंबापासून चक्कीपर्यंत. मोजली मी." मग पेन खाली ठेवून त्यांनी मला ध्येय या विषयावर जन्मभर पुरेल एवढं शिकवलं. "मास्तर, मोठा लेखक होईन हे काही ध्येय नाही, ती हवा हाये. ध्येय टेपानं मोजता आलं पाहिजे. रोज दोन फूट. ना कमी, ना जास्त."

फुलस्केपचे कागद ते खालीवर चिकटवत जायचे आणि त्यांची गुंडाळी करत जायचे. चिकटवायला मैद्याची खळ गिरजाबाई शिजवून द्यायच्या. "भाऊजी, लोकायच्या घरी मैद्याच्या करंज्या होतात," त्या मला म्हणायच्या, "आमच्या घरी कादंबरी होते! तीस वर्षांत यायनं मले जेवढं लिवलं ना, ते सारं एका हातरुमालावर मावते. आठवड्याले मी चार पानं धाडायची अन् यायचं उत्तर म्हणजे एक कार्ड. 'पत्र पोचले. काम चालू आहे. कळावे.' अन् आता पाहा, धबधबा लागला बाप्पा!"

कादंबरीचं सगळं काम रस्त्याच्या नियमांनी चालायचं. खोडून पुन्हा लिहिणं म्हणजे पॅचवर्क. वाचून सफाई करणं म्हणजे रोलर. जून ते सप्टेंबर लिखाण संपूर्ण बंद, कारण पावसाळ्यात डांबर धरत नाही. मी म्हटलं, शाईला काय झालं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ताज्या डांबरात पाय घातला होता.

आणि दर रविवारी मोजमाप. रस्ताखात्याचा नियम असा की एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. तो दुसरा मी. आठवड्याचा नवा तुकडा जमिनीवर पालथा घालायचा, कोऱ्या बाजूने मोजायचा, मोजमाप-पुस्तकात आकडा लिहायचा, खाली माझी सही. वाचायची मात्र सक्त मनाई. मी दोन-तीनदा खडू पडल्याचं निमित्त करून वाकून कागदाचा कोपरा उचलला, तर डोक्यावर टेपचा डबा बसला. "काम पुरं झाल्याबिगर रस्ता खुला होत नाही!"

आता मी काही वाचलेलं नसताना रोज चौकात लोक कादंबरीची माहिती विचारायला लागले, तेव्हा मी काय करणार? मी नायिका तयार केली. सिरोंच्याच्या डाकबंगल्यात राहणारी, विलक्षण सुंदर, मागे एक वाघ. दुसऱ्या वर्षापर्यंत वाघाने दोन खानसामे खाल्ले होते. माझ्याइतकी कादंबरी गावंड्यांनीसुद्धा रचली नसेल.

पण खरं सांगतो, त्या दोन वर्षांत माणूस बदलला. पाठ सरळ झाली. सकाळी दाढी, अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं. एकदा तर ओट्यावर शीळ घालताना सापडले. मला बघताच तोंड पुसलं.

आणि मग एका रविवारी आकडा आला सहाशे एकोणपन्नास फूट. अकरा फूट बाकी! मी पेढ्यांची तयारी केली. पुढच्या रविवारी गेलो, आकडा तोच. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच. दाढी वाढलेली, आणि पाटी भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली.

"काहून थांबलं?" मीसुद्धा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मटेरियल संपलं मास्तर."

"मग पूर आणा. लग्न लावा. कोणाला तरी मारा. वाघ..."

"कोणता वाघ?"

मी घाईने विषय बदलला. ते मात्र ऐकतच नव्हते. "अकरा फुटासाठी रस्ता अडला तं त्याले रस्ता म्हणत नाही," ते म्हणाले. "बिनकामी खड्डा म्हणतात." पुन्हा ओटा, पुन्हा समोर बघणं. मला ते बघवेना. म्हणून मी एक शक्कल काढली. म्हटलं, आपण तुकडे मोजले, अखंड कधी मोजलंच नाही. जोडात फूट-दोन फूट इकडेतिकडे झाले असतील. शून्यापासून एकदा फायनल माप घेऊ.

'फायनल माप' या शब्दांनी गावंड्यांच्या डोळ्यांत जरासं डांबर तापलं. पण लगेच चेहरा पडला. "फायनल माप तयार पृष्ठभागावरूनच घ्या लागते. सरळ बाजूनं. नियम हाये."

"मग घेऊ सरळ बाजूने."

त्यांनी घरात डोकावून पाहिलं. गिरजाबाई गोकुळपेठेच्या बाजारात गेल्या होत्या. "घंटाभर तं येत नाही," ते पुटपुटले, आणि मला दम भरला, "तुमी आकड्याकडं पाहाचं. अक्षराकडं नाही."

डिसेंबरची सकाळ होती. कडुनिंबापासून गुंडाळी उलगडत निघालो. दर दहा फुटांवर दगड ठेवायचा, टेप ताणायचा, गावंडे आकडा पुकारणार, मी लिहिणार. मी अक्षराकडे अजिबात पाहिलं नाही. नुसतं वाचलं.

नायिका नव्हती. वाघ नव्हता. पहिल्याच कागदावर होतं: "चि. सौ. गिरजा हिस अनेक आशीर्वाद. तुझे लग्नानंतरचे पहिले पत्र पोचले. उत्तरास थोडा विलंब झाला."

मी टेप सोडला असता, पण तिकडून आवाज आला, "दहा!"

पुढे पत्रामागून पत्र होतं. तिच्या तीस वर्षांच्या प्रत्येक पत्राला एकेक उत्तर. "तू विचारलंस, अंगणात लिंबू लावू की पेरू. लिंबू लाव." ते लिंबाचं झाड वीस वर्षांपासून सगळ्या गल्लीला लिंबं पुरवत होतं. "आपल्या बाळ्याला गोवर आल्याचं कळवलंस. मी 'औषध चालू ठेवणे' एवढंच लिहिलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, हे लिहायचं राहून गेलं." आणि शंभर फुटांच्या दगडापाशी, "हिरवं लुगडं घेतलं, कसं दिसते ते येऊन सांगा असं लिहिलं होतंस. आलो तेव्हा पाहिलं होतं. बेस दिसत होतं."

चक्की अजून लांब होती, आणि मागून आवाज आला, "हे काय वाळत घातलं वं माय?"

गिरजाबाई. खांद्याला मेथीच्या जुड्यांची पिशवी. घंटा केव्हाच उलटून गेला होता.

गावंडे लुगड्यावर पाय ठेवून उभे राहिले, म्हणजे लुगड्याच्या ओळीवर. तोवर बाईंनी चष्मा लावला होता. त्यांनी नवऱ्याला हाताने बाजूला सारलं, कडुनिंबापाशी गेल्या आणि पहिल्या कागदापासून सुरुवात केली. एक दगड, दुसरा दगड. मध्येच हसल्या. गोवरापाशी खाली बसल्या, पदराचं टोक डोळ्याला लावलं, उठल्या. पिशवी खांद्याला तशीच. मागून गावंडे टेप हातात धरून, शाळेतल्या पोरासारखे. मी पुढे पुढे गुंडाळी उलगडत होतो. माप घ्यायचं कोणाच्याच लक्षात नव्हतं.

शेवटचा कागद संपला. पुढे अकरा फूट नुसती माती, आणि मग चक्कीपाशी गावंड्यांनी खडूने मारलेली फर्लांगाची रेघ.

"इथं काहून थांबले?" गिरजाबाईंनी विचारलं.

गावंडे टेपकडे बघत राहिले. "तुह्यी पत्रं संपली. मंग मी रिटायर होऊन घरी आलो. अन् नवरा घरीच असला तं बायको कशाले पत्र लिवते?"

गिरजाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मेथीची पिशवी माझ्या हातात कोंबली, नवऱ्याच्या खिशातलं एक पेन उपसलं आणि भर गल्लीत ओरडल्या, "अवो, मंग आधी काहून नाही सांगितलं? आणा एक कागद, आताच लिवते मी पत्र. अन् उत्तर अकरा फुटाच्या आत आलं तं मी घेणार नाही, सांगून ठेवते!"