जाधवकाकांचं एकच कलम

आमच्या शेजारचे जाधवकाका नळ दुरुस्तीचं ठरवायला आलेल्या माणसाच्या हातावर आधी सुपारी ठेवतात. चहा नंतर. सुपारी त्यांच्या स्वतःच्या वाडीतली. माणूस गोंधळून ती खिशात टाकतो, की काका बोट उगारतात. "घेतलीस ना? मग कबूल. कबूल करून आला न्हायस तर तीन महिने आत."

काका अलिबागच्या कोर्टात कारकून होते. जन्मभर लोकांचे खटले फायलीत लावले आणि निवृत्त होताना त्यातलं एकच कलम घरी घेऊन आले. "कबूल केलेलं काम जाणूनबुजून टाळलं तर तीन महिने कैद!" रिक्षावाला, केबलवाला, माडावर चढणारा, सगळ्यांना हेच. मध्ये नवा कायदा आला आणि कलमाचा आकडा बदलला. काका आठवडाभर तोंड पाडून बसले, मग नवा आकडा पाठ करून पुन्हा ओट्यावर हजर झाले. आमच्या रेवदंड्यात निम्म्या घरांत त्यांची सुपारी पडलेली असेल. कैद मात्र आजवर कोणाला झाली नाही.

लोक हसतात. मी हसत नाही, कारण तोच राग माझ्याही डोक्यात असतो. शनिवार उजाडला की आमच्याकडे कामाचं माणूस औषधाला मिळत नाही. मुंबईच्या गाड्या येतात, बंगल्यांची कुलपं निघतात आणि अख्खा गाव तिकडे झाडायला, रांधायला पळतो. दुप्पट पैसे मिळतात, जावं की. पण मग आम्हाला "येतो" कशाला सांगता? "नाही" म्हणायला जीभ झडते का?

काकांच्या घरात शालूकाकू अंथरुणाला खिळलेल्या आहेत. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणंही जड झालं. ह्याच काकू एके काळी कबड्डीचं मैदान गाजवायच्या. काकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावरच. चार जणींनी पाय धरलेले आणि ही बाई त्यांना फरपटत मधल्या रेषेकडे निघालेली. "तवाच ठरवलं, ह्या बाईच्या वाटेत आडवं जायचं न्हाय," असं काका अजून सांगतात.

काकूंसाठी अलिबागच्या एका ब्युरोतून मनीषा नावाची बाई ठेवली होती. रीतसर करार झाला होता. काकांनी वर सुपारीही दिली होती.

त्या शनिवारी काका औषधं आणायला अलिबागला गेले. दुपारी मी आमटी द्यायला म्हणून डोकावले, तर दार सताड उघडं. मनीषाचा पत्ता नाही. काकू ओल्या चादरीवर पडलेल्या, ओठ सुकलेले. पाण्याचा तांब्या हाताला लागेल न लागेल अशा अंतरावर आडवा झालेला. मी मनीषाला फोन लावला. मागे गाणी वाजत होती. "बंगल्यावर पार्टी हाय ताई, संध्याकाळी येते," ती म्हणाली. पुढे मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

फोन ठेवून मी तांब्या भरून आणला, तेवढ्यात काका आले. मी सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चादर बदलली, काकूंना चमच्याने पाणी पाजलं आणि चपला घातल्या. काकूंनी डाव्या हाताची मूठ वळून दाखवली, म्हणजे सोडू नका. मी माझ्या मुलीला काकूंजवळ बसवलं आणि काकांबरोबर पोलीस ठाण्यात गेले. माझंही रक्त उसळत होतं.

हवालदारांनी काकांना पाहून कपाळाला हात लावला. "काका, आज कोण? नळवाला का गॅसवाला?"

मीच सगळं सांगितलं. ते ऐकताना हवालदार हळूहळू सरळ बसले. मग त्यांनी पुस्तक काढून कलम वाचलं. "काका, ह्या वेळी तुमचं कलम बसतंय हो. नोंद घेतो, पुढे कोर्टात जा. कराराचा कागद आहे, साक्षीदार आहे. कुठे जाईल ती?"

इतक्या वर्षांनी काका जिंकले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

हवालदार लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले. "माझी पत्नी शालिनी ही आजारामुळे असहाय असून स्वतःच्या गरजा भागवण्यास असमर्थ..."

"ते खोडा," काका म्हणाले.

"काय खोडा?"

"असहाय. असमर्थ. ते दोन्ही खोडा."

"अहो, ते खोडलं तर कलमच उरत नाही. हे कलम असहाय माणसाला वाऱ्यावर सोडण्याचंच आहे. तुम्ही कोर्टात होतात, तुम्हाला मी सांगायचं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. काका सगळ्यांना कलम ऐकवायचे, पण अर्धंच. कोणाचं काम टाळलं तर कैद, हा भाग ते गाळायचे.

"मग न्हाय द्यायची तक्रार," काका म्हणाले आणि उठले.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. "काका, ती बाई तिकडे पार्टीत भांडी घासतेय आणि इकडे काकूंच्या घशाला कोरड पडली! एका शब्दासाठी तिला सोडून देता?"

"चार जणींनी धरून थांबली न्हाय ती," काका म्हणाले. "आन मी, तिचा नवरा, कागदावर सही करून तिला पाडू? मला न्हाय जमणार, पोरी."

मी त्यांच्या मागून चालू लागले. राग गेला नव्हता, पण तो ठेवायचा कुठे ते कळेना.

घरी काकू जाग्याच होत्या. जड जिभेने विचारलं, "लिवलं?"

"लिवलं तर," काका म्हणाले. "तीन महिने आत. हवालदार उभाच राहिला तुझं नाव ऐकून."

काकू अर्ध्या ओठाने हसल्या. काकांनी बाह्या सरसावल्या, एक हात त्यांच्या पाठीखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली. "चल, कुशीवर हो. लाव जोर," ते म्हणाले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला. काकू कुशीवर झाल्या.

"बघ," धापा टाकत काका मला म्हणाले, "मी नुसता हात लावतो. सगळं तीच करते."