कुलूप फादरांची एकमताने शिफारस

बिशप देवाने पाठवायचा असतो, याबद्दल चर्चमध्ये कोणाचेही दुमत नव्हते. पाठवण्याआधी देवाने आपल्याला एकदा विचारावे, एवढीच प्रापंचिक मंडळाची, म्हणजे घरसंसारी भाविकांच्या मंडळाची, माफक मागणी होती. मंडळाचे अध्यक्ष होते सुतारमामा. चर्चमधले बाक त्यांनीच केले होते, त्यामुळे लोकांना तासन्‌तास बसवून ठेवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आपसूक आला होता.

जुने बिशप निवृत्त होताच मंडळाने सभा घेतल्या, मोर्चा काढला (मूक, कारण घोषणांवर एकमत झाले नाही) आणि उपोषणही केले (दोन जेवणांच्या मधल्या वेळात). अखेर वरिष्ठांनी मागणी मान्य केली. मंडळ हादरलेच. मागणी मान्य झाली तर पुढे काय, याचा विचार कोणी केलाच नव्हता.

बिशप कोणाला करावे, हे विचारायला बिशपांच्या हाताखालच्या प्रत्येक चर्चमध्ये एकेक पाहुणे धर्मगुरू गेले; इथेही एक आले. मिस्सेचे, म्हणजे रविवारच्या उपासनेचे, झगे ठेवायच्या खोलीत ते एकेकाला बोलावून गुप्तपणे मत विचारू लागले.

या चर्चमध्ये धर्मगुरू दोन. थोरले फादर म्हणजे बिशप कसा असावा याचा नमुनाच. मामांची बायको अंथरुणाला खिळलेली. थोरले दर शुक्रवारी येऊन तिच्याशी पत्ते खेळत आणि प्रामाणिकपणे हरत. दुसरे कुलूप फादर. मिस्सा सुरू झाली की हे दाराला कुलूप ठोकत. (एका लग्नात नवरी बाहेर राहिली. नवरा आत होता, पण त्याने तक्रार केली नाही.)

मामा खोलीत शिरले आणि तेव्हा कुठे त्यांनी हिशेब मांडला. थोरले बिशप झाले, तर दुसऱ्या शहरात राहायला जाणार. मग शुक्रवारी हिच्याशी हरायला कोण येणार?

"थोरल्या फादरांविषयी काय सांगाल?"

"माणूस वाईट नाही," मामा जड आवाजात म्हणाले, "पण पत्ते खेळतात."

"आणि दुसरे?"

"अहो, हिरा! त्यांना इथं ठेवणं म्हणजे अन्याय. जितकं वर न्याल तितकं बरं."

इतरांनीही आपापल्या परीने सत्याची सेवा केली. बेकरीवाल्याला थोरले विसरभोळे वाटले, नर्सबाईंना फार हसरे. प्रत्येक चर्चमध्ये हेच घडले: आवडता लपवला, नावडता मिरवला. त्यातून कुलूप फादर आजवर पाच चर्चमधून बदलून आलेले. ते परत येतील या धास्तीने पाचही ठिकाणच्या लोकांनी त्यांची तोंड भरून स्तुती केली. शेकडा चौऱ्याण्णव मते त्यांनाच पडली. (उरलेले सहा टक्के उशिरा पोहोचले, ते दाराबाहेरच राहिले.) श्रद्धावंतांचा आवाज इतका एकमुखी यापूर्वी कधी ऐकू आला नव्हता, असे वरिष्ठांनी जाहीर केले.

नव्या बिशपांचे डोळे भरून आले. "मला वाटायचं, लोक मला नुसतं सहन करतात," ते पहिल्याच प्रवचनात म्हणाले. मामांना त्या क्षणी खरेच लाज वाटली. मग बिशपांनी पहिला निर्णय सांगितला: मदतीला अनुभवी माणूस हवा, म्हणून थोरल्या फादरांना ते सोबत नेत होते.

"तुम्ही त्यांच्याबद्दल चांगलंच सांगितलं होतं ना?" शुक्रवारी बायकोने विचारले.

"अगदी मनापासून," मामा म्हणाले, आणि स्वतःच पत्ते पिसायला बसले. वाईट म्हणजे, ते जिंकले.

मामांना हसणे सोपे आहे. तुमच्या कचेरीतले ते नकोसे साहेब बढतीवर गेले, तेव्हा निरोपाच्या भाषणात तुम्ही काय काय बोललात, ते जरा आठवा. वरच्यांना ते खरे वाटले. म्हणून तर ते आज तुमच्या साहेबांचे साहेब आहेत.