हवालदार झुलाल यांच्या दोन बायका

दोंडाईच्याजवळच्या एका गावात राहणारे निवृत्त हवालदार झुलाल आधार पाटील यांना एकच बायको होती. लष्कराच्या दप्तरातही एकच होती. फक्त ती दुसरी होती.

घोटाळा जुना होता. लग्नाची रजा मागताना झुलालनानांनी अर्जात नियोजित वधूचं नाव शेवंता असं लिहिलं. युनिटातला क्लार्क भलताच तत्पर. त्याने नवरीला हळद लागण्याआधीच तिची दप्तरात नोंद केली. इकडे घरात थोरल्या जावेचं नावही शेवंता निघालं. एका हाकेला दोघी धावून येतील, म्हणून सासूने बोहल्यावरून उतरताच धाकटीची भागाबाई करून टाकली. पुढे आधार कार्ड, रेशन कार्ड, सगळीकडे भागाबाईच लागली.

सत्तरी ओलांडल्यावर नानांना घोर लागला. आपण गेल्यावर पेन्शनच्या खिडकीतला माणूस हिला विचारेल, बाई, तुम्ही कोण? त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या हयातीत कागदावर असावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून त्यांनी सेवा-अभिलेख दुरुस्ती कक्षात अर्ज केला : शेवंता आणि भागाबाई या दोघी एकच आहेत, कृपया नोंद व्हावी.

तिथले लिपिक प्रेमराज अतिशय सौजन्यशील होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"नाना, दोघी आहेत म्हणता आणि एकच म्हणता. आमच्याकडे दोन्ही रकाने एकदम भरता येत नाहीत. दुसरी पत्नी लावायची तर पहिलीचं ना-हरकत पत्र लागेल."

"पहिली म्हणजे हीच."

"मग तर सोपंच झालं. घरातच मिळेल."

भागाबाईने चुलीपुढे बसून पत्र सांगितलं, नानांनी लिहिलं : 'मी शेवंता. भागाबाईबद्दल माझी काही हरकत नाही. बाई कामाची आहे.' खाली डावा अंगठा शेवंताचा, उजवा भागाबाईचा. दोघींचे फोटो लावायचे होते. एकाच फोटोच्या दोन प्रती लावल्या.

महिन्याभराने उत्तर आलं. दोन्ही पत्नींच्या चेहऱ्यांत आक्षेपार्ह साम्य आढळतं, खुलासा करावा. शिवाय सेवेत असताना परवानगीवाचून दुसरा विवाह केल्याबद्दल आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये? नाना निवृत्त होऊन तीस वर्षं झाली होती. तरी पत्र वाचताना ते आपोआप सावधान उभे राहिले.

चौकशीला खुद्द प्रेमराज गावात आले. दोन्ही पत्नींनी हजर राहावं, असा आदेश होता. भागाबाई हिरव्या लुगड्यात समोर आली.

"नमस्कार अक्का. आता दुसऱ्यांना बोलवा."

"मीच शे ती."

"तसं चालत नाही, अक्का. एक हजेरी, एक व्यक्ती."

भागाबाई आत गेली आणि गुलाबी लुगडं नेसून बाहेर आली. प्रेमराजांनी चहा घेतला आणि अहवालात लिहिलं : 'दोन्ही पत्नी हयात आहेत. मात्र त्या एकमेकींसमोर येण्याचं कटाक्षाने टाळतात. घरात बेबनाव असावा.'

निघताना त्यांनी नानांना बाजूला घेतलं. "माझं ऐका. दोघींतली एक वारली, तर फाइल दोन दिवसांत निघेल."

"कोणती?"

"जी तुम्हाला सोयीची."

शेवंताला मारायचं ठरलं. पण ग्रामसेवक अभिमनही नियमाचा पक्का. "नाना, मयत मी पाहिली नाही. निदान तेरावं पाहू द्या. जेवलेल्या पाच पंचांच्या सह्या आणा, लगेच दाखला देतो."

"मी आठेच शे ना! मन्हं तेरावं?" भागाबाई पुढ्यात उभी राहून, कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

"तुझं नाही गं. तिचं," नाना म्हणाले. "तुझ्यासाठीच चाललंय हे."

ती पदर खोचून कणीक मळायला बसली.

वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा बेत झाला. गावाला सगळं ठाऊक होतं, पण पंगत बसल्यावर चौकशी करणं आपल्याकडे असभ्य मानतात. बांधावरून भागाबाईशी बारा वर्षं भांडलेले पुना आबा बट्टी कुस्करत गहिवरले. "शेवंता गुणी बाई होती हो. कोणाला उलट बोलली नाही." सगळं गाव मान हलवू लागलं. भागाबाई तुपाची वाटी घेऊन त्यांच्याच डोक्यावर उभी होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कोणी तिला चांगलं म्हणत होतं, म्हणून तिने आबांना तूप जरा जास्तच वाढलं.

दाखला मिळाला. दप्तर दुरुस्त झालं. पत्नी : भागाबाई. सोबत कार्यालयाचं छापील शोकपत्रही आलं. नानांनी दोन्ही कागद डब्यात घातले आणि झाकण घट्ट लावलं.

"एक सांगा," भागाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "मी खरी मरसू तवय इतलीच मानसं येतीन का?"

नानांनी डबा पुन्हा उघडून पाहिला. त्यासाठी कोणत्या नमुन्यात अर्ज करावा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तुम्हीही होतात की त्या पंगतीत, वाचकहो. वरण दोनदा मागून घेतलंत. वाढणारीचं नाव काय, एवढं मात्र विचारलं नाहीत. बरोबरच आहे तुमचं. ते काम दप्तराचं.